ग्विनेदची भाऊबंदकी

पहिला दिवस : चेस्टर ते कोन्वी

मुलगी मँचेस्टरला असते. आम्ही दोघं तिच्याकडे जाऊन महिना होत आला तसं तिनेच सुचवलं, "बाबा, वेल्सला जाऊन या. तुमच्या आवडीचे किल्ले आहेत." किल्ल्यांसाठी म्हणून तयारीला लागलो, वाचनालयातून पुस्तकं आणली आणि पहिल्या शंभर पानांतच लक्षात आलं की हा विषय आपल्या खात्याचा आहे. मी तलाठी म्हणून लागलो, मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. वारसनोंदी, वाटप, फेरफार, तक्रारी यांत आयुष्य गेलं. आणि इथे बाराव्या-तेराव्या शतकातल्या वेल्सच्या राजघराण्यात पानोपानी तेच. थोरला धाकट्याला कोंडतो, धाकटा थोरल्याविरुद्ध परक्याकडे जातो, पुतण्या काकाला हाकलतो. फक्त तहसील कचेरीच्या जागी इंग्लंडचा राजा.

चेस्टरला गाडी बदलायची होती. दीड तास हातात होता म्हणून बाजारात हिंडलो. गाव इंग्लंडचं, पण गोष्ट इथूनच सुरू करावी लागते. ग्विनेद म्हणजे वेल्सचा वायव्येकडचा डोंगराळ भाग. त्याचा वारस ग्रिफिद आप कनान डब्लिनला, परागंदा बापाच्या पोटी जन्मला. वडिलार्जित राज्य मिळवायला समुद्र ओलांडून आला आणि चेस्टरच्या नॉर्मन सरदाराच्या हाती लागला. त्याच्या चरित्रात म्हटलंय की बऱ्याच वर्षांनी बेड्या घातलेल्या अवस्थेत त्याला इथल्या बाजारात बसवलं होतं. गावकरी जेवायला गेलेले पाहून किनव्रिग नावाच्या एका उंच तरुणाने त्याला बेड्यांसकट पाठीवर घेतलं आणि गावाबाहेर नेलं. दुपारच्या जेवणाच्या वेळेचा असा उपयोग आमच्या कचेरीतही कुणी केला नसेल. हा ग्रिफिद पुढे म्हातारा होऊन ११३७ मध्ये गेला, तो ग्विनेदचा राजा म्हणून.

'आप' म्हणजे 'चा मुलगा'. ल्युवेलिन आप ग्रिफिद म्हणजे ग्रिफिदचा ल्युवेलिन. आपलं मधलं नावच. त्यामुळे वंशावळ लक्षात ठेवायला मला त्रास झाला नाही. हिला झाला, कारण चार पिढ्यांत ही माणसं तीच ती नावं फिरवून वापरतात.

कोन्वीला उतरलो तर रस्त्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजी 'स्लो'च्या जोडीला वेल्श शब्द रंगवलेला. उच्चार साधारण 'आरव', अर्थ 'हळू'. ही म्हणाली, "शेजारच्यांचा आरव तर एक मिनिट हळू चालत नाही."

कोन्वीचा किल्ला प्रचंड आहे, देखणा आहे, आणि मला आवडला नाही. तो जिंकणाऱ्याचा किल्ला. इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याने १२८३ ते १२८७ या चार वर्षांत किल्ला आणि गावाभोवतीचा तट उभा केला, सुमारे १५ हजार पौंड ओतून. जागा मुद्दाम निवडलेली. इथे सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा मठ होता आणि त्या मठात ग्विनेदचा सर्वांत मोठा राजा, ल्युवेलिन द ग्रेट, पुरलेला होता. एडवर्डने साधूंना दरीत आत माइनानला हलवलं आणि त्यांच्या जागेवर किल्ला आणि नगर वसवलं. मठाचं चर्च तेवढं गावाचं चर्च म्हणून राहिलं. तटाच्या दक्षिण अंगाला मात्र एके ठिकाणी तीन सुबक खिडक्या दिसतात. तटाला खिडक्या कशाला, म्हणून थांबलो. तो ल्युवेलिनच्या वाड्याचा उरलेला भाग, तटातच बांधून टाकलेला. एखाद्याने शेजाऱ्याची भिंत आपल्या घरात घेतली की बाहेरून असंच दिसतं.

दुसरा दिवस : लानरूस्त आणि डोलविदेलन

आजचा दिवस पावसाचा. जंक्शनवरून छोटी गाडी कोन्वी नदीच्या कडेकडेने आत जाते. लानरूस्तचं चर्च नदीला लागूनच आहे. शेजारच्या ग्विदिर प्रार्थनाघरात जमिनीवर एक दगडी शवपेटी ठेवलेली आहे. झाकण नाही, आत काही नाही. बाहेरच्या अंगाला चार पाकळ्यांची फुलं एकाशेजारी एक कोरलेली. ल्युवेलिन आप योरवर्थ, ल्युवेलिन द ग्रेट, याची ही पेटी असं मानतात. कोन्वीहून माइनानला, तिथला मठ बंद झाल्यावर इथे. ही बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "अहो, गुरांना पाणी पाजायची डोण असते ना, तशीच दिसते." मी तिला गप्प केलं. तिचं म्हणणं तिने तीन दिवसांनी खरं करून दाखवलं, ते पुढे येईलच.

डोलविदेलनचा किल्ला याच माणसाचा. गावापासून मैलभर चाललो, शेवटचा चढ मेंढ्यांच्या कुरणातून. एका कड्यावर चौकोनी बुरूज, समोर मॉएल शाबोद डोंगर, तोही ढगात गेलेला. कोन्वीच्या मानाने एवढासा. पण दरीतली वाट पूर्ण ताब्यात. राजे इथे गुरं राखत, खोऱ्यातली चांगली कुरणं त्यांचीच. ल्युवेलिन इथेच जन्मला असं सांगतात, पण हा बुरूज त्यानेच बांधला, म्हणजे जन्म व्हायचा तर खालच्या दरीतल्या जुन्या टेकाडावर झाला असणार.

त्याचा बाप योरवर्थ, टोपणनाव द्रुइनदून, म्हणजे नाक चेपलेला. नकटाच म्हणा. दंतकथा अशी की नाकाच्या व्यंगामुळे त्याला राज्य नाकारलं. आपल्याकडे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, इथे नकट्याच्या गादीला. खरी विघ्नं त्याचे सावत्र भाऊ. योरवर्थचा बाप ओवाइन ग्विनेद ११७० मध्ये वारला, आणि त्याला दोघी-तिघींपासून झालेली मुलं होती भरपूर. त्याच वर्षी त्यांतला हॉवेल, जो चांगला कवीही होता, त्याला दाविद आणि रोद्री या दोन सावत्र भावांनी आंगलसी बेटावर पेंत्राएथला लढाईत मारलं. योरवर्थही लवकरच गेला. त्याचा पोरगा ल्युवेलिन तेव्हा जन्मला तरी होता की नव्हता. तो मोठा झाला आणि ११९४ मध्ये त्याने काका दाविदला हरवलं.

पाऊस वाढला तसे बुरुजाच्या आत थांबलो आणि मी हिला वेल्श कायदा समजावला. तिने न विचारता.

कायदा असा : बापाची जमीन सगळ्या मुलांना सारखी. लग्नाच्या बायकोची असोत की नसोत, बापाने मूल पदरात घेतलं की झालं. बांधकाम नसलेल्या जमिनीचे वाटे धाकट्याने पाडायचे आणि निवड थोरल्यापासून क्रमाने. धाकट्याला शेवटी उरेल ते मिळणार, म्हणून तो वाटे काट्याच्या तोलाने पाडणार. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मनात त्या अनाम कायदेपंडिताला नमस्कार केला. चौतीस वर्षांत बांधावर उभं राहून किती वाटपं करून दिली, एवढी सोपी युक्ती मला सुचली नव्हती. पुढे सगळे भाऊ वारल्यावर चुलतभावांत पुन्हा वाटप, मग त्यांच्या मुलांत आणखी एकदा. त्यानंतर बंद.

राज्याला हाच नियम लावायचा का, यावर अभ्यासक अजून भांडतात. कायद्यात राजाचा एकच वारस नेमायची सोय होती, त्याला 'एडलिंग' म्हणत. पण बापाची जमीन सारखी वाटून घ्यायची सवय लागलेल्या भावांना राज्य तेवढं एकट्याचं, हे पटणार कसं? आणि लग्नाबाहेरचा मुलगाही जिथे हक्कदार, तिथे हक्कदारांना तोटा नाही.

"म्हणजे कायदा चांगला होता," ही म्हणाली.

"शेताला चांगला होता."

तिसरा दिवस : क्रिकिएथ

ब्लायनाय फेस्टिनिओगच्या पाटीदगडाच्या ढिगाऱ्यांतून बसने पोर्थमाडोग, तिथून क्रिकिएथ. समुद्रात घुसलेल्या टेकडीवर किल्ला, दोन गोल बुरुजांचं दार अजून ताठ उभं. खाली लोक कुत्री फिरवत होते, आइस्क्रीम खात होते. वाऱ्याने माझी टोपी गेली ती गेलीच.

दार ल्युवेलिन द ग्रेटनेच बांधलं आणि त्याच्याच थोरल्या मुलाला आत कोंडायच्या कामी आलं. हा थोरला ग्रिफिद, लग्नाबाहेरचा. ल्युवेलिनने इंग्लंडच्या जॉन राजाच्या मुलीशी, जोनशी, लग्न केलं. वेल्शमध्ये तिला शुआन म्हणतात. तिचा मुलगा दाविद. ल्युवेलिनने ठरवलं, राज्य एकाच्याच नावावर, आणि तो दाविद. मग त्याने जे केलं त्याला तोड नाही. १२२० मध्ये इंग्लंडच्या राजाकडून दाविदला वारस म्हणून मान्यता, १२२२ मध्ये पोपकडून शिक्कामोर्तब, १२२६ मध्ये पोपकडूनच बायकोचा अनौरसपणा पुसून घेतला, कारण तीही जॉनची लग्नाबाहेरचीच. १२३८ मध्ये सगळ्या वेल्श सरदारांकडून दाविदला शपथ. मी आयुष्यात एवढी चोख फाइल पाहिली नाही.

आणि ग्रिफिद? लहानपणी, १२११ मध्ये, बापाने तहाखातर त्याला जॉनकडे ओलीस दिलं. मॅग्ना कार्टात, म्हणजे जॉनने १२१५ मध्ये दिलेल्या सनदेत, ५८वं कलम आहे, ल्युवेलिनच्या मुलाला ताबडतोब परत करू असं. तो हाच मुलगा. चार वर्षं परक्यांकडे काढून आला तो रागीट होऊन आला, तर नवल नाही. १२३९ मध्ये, म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला असताना, दाविदने त्याला पकडून या क्रिकिएथमध्ये टाकलं, बरोबर ग्रिफिदचा मुलगा ओवाइन.

आता ग्रिफिदची बायको सेनाना. बाई धीराची. १२४१ मध्ये ती श्रूजबरीला थेट इंग्लंडच्या राजाकडे, हेन्री तिसऱ्याकडे गेली आणि ६०० मार्क (तेव्हाचं पैशाचं एकक) देऊन नवऱ्याला सोडवायचा करार केला. हेन्रीने दाविदवर चढाई केली, ग्रिफिदला क्रिकिएथमधून काढलं आणि लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलं. सुटका नाही, जागा बदलली. दाविद गडबड करायला लागला की थोरल्याला सोडतो म्हणायचं, एवढंच राजाचं काम. १ मार्च १२४४, संत डेव्हिडचा दिवस, वेल्सचा सण. ग्रिफिदने चादरी वगैरे एकमेकींना बांधून दोर केला आणि खिडकीतून उतरायला लागला. अंगाने जाडजूड होता. दोर तुटला. मॅथ्यू पॅरिस नावाच्या साधूने त्याच्या वहीच्या समासात ते चित्र काढून ठेवलंय. डोकं खाली, पाय वर, माणूस हवेतच.

दोन वर्षांनी दाविदही निपुत्रिक वारला. एवढी चोख फाइल, आणि वारसाचा रकानाच कोरा.

संध्याकाळी कारनार्वोनच्या बसमध्ये बसलो. पांतग्लासच्या जवळ डावीकडे एक बसकी डोंगरवळ दिसते. तिथे, ब्रिन डेर्विनला, १२५५ च्या जूनमध्ये ग्रिफिदची मुलं एकमेकांशी लढली. एका बाजूला ओवाइन आणि धाकटा दाविद (हा आणखी एक दाविद, काकाच्या नावाचा), दुसऱ्या बाजूला मधला ल्युवेलिन. तासाभरात निकाल लागला असं तिथल्या जुन्या बखरी सांगतात. ओवाइन पकडला गेला. बस एवढ्या वेगात होती की ही म्हणाली, "कुठे?" आणि तोवर मागे पडलं.

चौथा दिवस : डोलबादर्न

लानबेरिसचं तळं, पलीकडे दिनोर्विगच्या बंद पडलेल्या पाटीदगडाच्या खाणीच्या पायऱ्या डोंगराला कापत वर गेलेल्या. मधल्या टेकाडावर डोलबादर्नचा एकटा गोल बुरूज, पन्नास फूट उंच, भिंती आठ फुटांच्या. हाही ल्युवेलिन द ग्रेटने बांधलेला.

ओवाइन गोख, म्हणजे तांबडा ओवाइन, ब्रिन डेर्विननंतर बावीस वर्षं भावाच्या कैदेत होता. ते इथेच, अशी परंपरा. त्याआधी क्रिकिएथ आणि टॉवर. बापाबरोबर पोरवयात, मग भावाकडे. हॉवेल फोएल नावाच्या कवीने त्याच्यासाठी कविता रचली, बुरुजातल्या माणसाला सोडा म्हणून. राजाच्या कवीने राजाच्या कैद्याची बाजू घ्यावी, ही सोय त्या समाजात होती.

आतला दगडी जिना गोल फिरत वर जातो आणि पायऱ्या ओल्या असतात. मी वर गेलो. ही खाली थांबली, गुडघ्यामुळे. मधल्या मजल्याच्या खिडकीपाशी जरा बसलो. खालून तिचा आवाज : "दिसतंय का काही?" तळं दिसत होतं, एक लाल होडी दिसत होती. बावीस वर्षं हेच.

मला या ल्युवेलिनचा, ल्युवेलिन आप ग्रिफिदचा, राग येत नाही हे सांगायला हवं. कर्तबगार होता. १२६७ मध्ये माँटगोमेरीच्या तहात इंग्लंडच्या राजाने त्याला 'प्रिन्स ऑफ वेल्स' मानलं. त्यासाठी २५ हजार मार्क कबूल केले, हप्त्यांनी. भाऊ बाहेर असता तर हे झालं नसतं, हेही खरं. पण एक बाहेर होताच.

धाकटा दाविद. १२५५ मध्ये हरल्यावर ल्युवेलिनने त्याला पुन्हा जवळ केलं. १२६३ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. १२६७ च्या तहाने परत आला. १२७४ मध्ये शेजारच्या पोविस राज्याच्या राजपुत्राशी संगनमत करून ल्युवेलिनच्या खुनाचा कट केला. २ फेब्रुवारीच्या रात्री मारेकरी यायचे होते, बर्फाच्या वादळाने वाट अडवली, भाऊ वाचला. दाविद एडवर्डकडे पळाला आणि १२७७ च्या लढाईत एडवर्डच्या बाजूने घरावर चालून आला. लढाईनंतरच्या तहात ल्युवेलिनचं बरंच राज्य गेलं आणि तांबडा ओवाइन सुटला. भावाने सोडलं नाही, एडवर्डने सोडवलं. कागदावर तसंच आहे.

पाचवा दिवस : बँगोर, आबर, ब्यूमॅरिस

बँगोरचं कॅथीड्रल घाईत पाहिलं. ओवाइन ग्विनेद इथे पुरलेला. सख्ख्या मामेबहिणीशी लग्न केलं म्हणून धर्मबहिष्कृत, तरी वेदीजवळ. ११८८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप इथे आला आणि त्याला बाहेर काढा म्हणून बजावून गेला.

आबरग्विनग्रेगिन हे नाव म्हणायला हिने बसमध्ये चार वेळा प्रयत्न केला, पाचव्या वेळी शेजारच्या बाईंनी हसून दुरुस्त केलं. आता लहानसं गाव, ओढा, एक मातीचं टेकाड. राजांचा आवडता वाडा इथे होता. शुआन इथेच १२३७ मध्ये वारली. त्याआधी सात वर्षं, १२३० मध्ये, ल्युवेलिनने विल्यम दे ब्रोस या नॉर्मन सरदाराला तिच्याबरोबर आपल्याच दालनात पकडलं आणि फाशी दिलं. शुआनला वर्षभर बंदीत ठेवलं, मग परत घेतलं. ती गेल्यावर तिच्या नावाने समुद्रापलीकडे लानवायसला मठ बांधला. हिला ही गोष्ट सगळ्या लढायांपेक्षा आवडली.

तो मठ राहिला नाही. शुआनची शवपेटी मात्र ब्यूमॅरिसच्या चर्चच्या देवडीत आहे. झाकणावर तिचा चेहरा कोरलेला, हात छातीशी. बाजूच्या पाटीवर माहिती होती. मठ मोडल्यावर ही पेटी कितीतरी वर्षं घोड्यांना पाणी पाजायला वापरत होते.

ही काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

सहावा दिवस : श्रूजबरी

पुन्हा इंग्लंड, आगगाडीने. २१ मार्च १२८२, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रात्री, दाविदने हॉर्डनच्या किल्ल्यावर हल्ला केला. या वेळी एडवर्डविरुद्ध. ज्याच्यासाठी भावाशी लढला त्याने हवं ते दिलं नाही, म्हणून. आणि ल्युवेलिन त्याच्या बाजूने उतरला. मला हे कोडं सात दिवस सुटलं नाही. जूनमध्ये ल्युवेलिनची बायको एलेनॉर बाळंतपणात गेली, मुलगी झाली, ग्वेनलिअन. मुलगा असता तर? नोव्हेंबरमध्ये आर्चबिशप पेकमच्या मार्फत इंग्रजांचा निरोप आला. स्नोडोनिया (ग्विनेदचा डोंगराळ गाभा) सोड, इंग्लंडमध्ये हजार पौंड उत्पन्नाची जमीन घे, दाविदने धर्मयुद्धावर निघून जावं. दोघांनी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा दोघं एका सुरात बोलले.

ल्युवेलिन गेल्यावर दाविदने सहा महिने 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून काढले. त्याला पकडून आणलं आणि ३ ऑक्टोबर १२८३ रोजी या गावात घोड्यामागे फरपटत नेऊन फाशी दिलं, आतडी काढली, चार तुकडे केले. हाय क्रॉस हा भाग आता दुकानांचा आहे. तिथे हिने छत्री घेतली, कारण आधीची उलटी झाली होती. दाविदची दोन मुलं ब्रिस्टलच्या किल्ल्यात वाढली. १३०५ मध्ये राजाचा हुकूम निघाला, त्यातल्या ओवाइनला रात्री लोखंडी पट्ट्या मारलेल्या लाकडी पिंजऱ्यात ठेवावं म्हणून.

ओवाइन. तेच नाव.

सातवा दिवस : किलमेरी

मध्य वेल्समधून जाणारी ही गाडी दिवसाला मोजक्याच फेऱ्या करते आणि किलमेरीला सांगितल्याशिवाय थांबत नाही. मी गार्डला दोनदा सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली.

रस्त्याच्या कडेने थोडं चाललं की कुंपणाआड ग्रॅनाइटची उभी शिळा. १९५६ मध्ये बसवलेली. ११ डिसेंबर १२८२ रोजी ल्युवेलिन इथेच कुठेतरी, इर्व्हॉन नदीवरच्या पुलाच्या आसपास, सैन्यापासून बाजूला पडलेला असताना मारला गेला. मारणाऱ्या श्रॉपशरच्या सैनिकाला आपण कुणाला मारलं हे माहीत नव्हतं. ओळख पटल्यावर शिर एडवर्डकडे, मग लंडनला, त्यावर आयव्हीच्या वेलीचा मुकुट घालून. पेकमने पत्रात लिहून ठेवलंय की त्याच्या अंगावर एक चिठ्ठी सापडली, नावं खोटी घातलेली, कुणीतरी त्याला इकडे बोलावल्याचा वास येणारी. कुणी, ते कुणाला कळलं नाही.

ग्वेनलिअन दीड वर्षाची असेल-नसेल तेव्हा तिला लिंकनशरमधल्या सेम्प्रिंगहॅमच्या मठात टाकलं. तिथे ती चौपन्न वर्षांची होऊन १३३७ मध्ये वारली. वारस निर्माण होऊ नये, एवढाच हेतू. गंमत म्हणजे वेल्श कायद्याने मुलीला जमिनीत वाटाच नव्हता. एडवर्डने धोका ओळखला तो इंग्लिश कायद्याच्या चष्म्यातून.

शिळेच्या पायथ्याशी कुणीतरी पिवळी फुलं ठेवली होती, प्लॅस्टिकच्या कागदासकट. हिने कागद काढून घडी करून पर्समध्ये ठेवला, फुलं नीट लावली.

"ते कोंडलेले भाऊ? त्यांचं असं काही नाही कुठे?"

"बुरूज आहे की."

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावर एकच बाक, तोही भिजलेला. गाडी वळणावर दिसली तसा मी हात वर केला. ही म्हणाली, "दोन्ही हात करा, नाहीतर जाईल निघून." दोन्ही केले.